रस्टडेस्क स्वतःच्या सर्व्हरवर: मांडणी, किल्ली आणि एजीपीएल परवान्याचा वाद

मार्चअखेरची संध्याकाळ होती. आमच्या पतसंस्थेच्या घाटापलीकडच्या शाखेत दिवसअखेर होत नव्हती. शाखा व्यवस्थापक मॅडम फोनवर होत्या आणि मी मुख्य कार्यालयात बसून त्यांच्या संगणकाचा पडदा बघत होतो. दर पाच मिनिटांनी जोडणी तुटायची आणि सूचना यायची की हा वापर व्यावसायिक दिसतो, परवाना विकत घ्या. आम्ही एका परदेशी सॉफ्टवेअरची घरगुती वापरासाठीची मोफत आवृत्ती कार्यालयात वापरत होतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण शेवटी रात्री साडेनऊला गाडी काढून घाट उतरावा लागला. पुढच्या आठवड्यात मी ठरवलं की दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चालणारी जोडणी आता नको.

आज आमच्या सहा शाखा रस्टडेस्कवर चालतात आणि सर्व्हर आमचा आहे. तो कसा उभा केला ते इथे सगळं लिहितो. त्याच्या एजीपीएल या मुक्त परवान्याबद्दलही सविस्तर लिहितो, कारण मांडणीला एक शनिवार लागला आणि परवान्यावरचा वाद तीन महिने चालला.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या

रस्टडेस्क हे दुसऱ्याचा संगणक दुरून बघण्याचं आणि चालवण्याचं सॉफ्टवेअर आहे. ते रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, आजच्या खिडक्या-बटणांचा भाग फ्लटर या साधनसंचात आहे. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतं. आयफोनवरून दुसरा संगणक चालवता येतो, मात्र आयफोनचा ताबा दुसऱ्याला देता येत नाही.

सर्व्हरच्या बाजूला दोन छोटे प्रोग्रॅम असतात. पहिल्याचं नाव एचबीबीएस. याचं काम लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं आहे: कोण कुठे राहतं याची वही याच्याकडे असते. शाखेतला संगणक सुरू झाला की तो याला हाक मारून सांगतो, मी इथे आहे, माझा क्रमांक अमुक. मी त्या क्रमांकाची चौकशी केली की हा दोघांची गाठ घालून देतो आणि बाजूला होतो. पुढचं बोलणं दोन संगणक आपापसात करतात.

काही वेळा दोन्ही बाजूंचे राउटर अशी थेट गाठ पडू देत नाहीत. मोबाइलच्या नेटवर तर हे हमखास होतं, कारण तिथे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवलेले असतात. अशा वेळी दुसरा प्रोग्रॅम, एचबीबीआर, कामाला येतो. तो रिले आहे, सगळी ये-जा त्याच्यामार्फत होते. माहिती दोन टोकांमध्ये एन्क्रिप्ट झालेली असते, त्यामुळे रिलेच्या हातात फक्त बंद पाकिटं पडतात.

स्वतःचा सर्व्हर नसला तरी रस्टडेस्क प्रकल्पाच्या सार्वजनिक सर्व्हरवरून काम होतं. घरच्या वापराला, आईवडिलांच्या लॅपटॉपवर प्रिंटर लावून द्यायला, तेवढं पुरतं. संस्थेच्या कामाला मी तो वापरणार नाही. पडद्यावर सभासदांच्या ठेवी आणि कर्जखाती असतात. गाठ घालून देणारी वही आपल्या ताब्यात असलेली बरी.

सर्व्हर कुठे ठेवायचा

सार्वजनिक स्थिर आयपी पत्ता हवा, ही एकच खरी अट. कार्यालयातल्या ब्रॉडबँडला तो बहुधा नसतो, आणि मिळाला तरी वीज गेली की सगळ्या शाखा एकदम आंधळ्या. म्हणून भाड्याचा छोटा आभासी सर्व्हर घ्या. एक कोअर आणि एक जीबी मेमरी सहा शाखांना भरपूर होते. सर्व्हर भारतातला निवडा. मुंबई किंवा बंगळूरमध्ये केंद्र असलेले बरेच पुरवठादार आहेत. अंतर कमी असलं की माउस हलवला आणि बाण सरकला यांतला उशीर कमी होतो, आणि रिलेवरून काम करताना हा फरक हाताला जाणवतो.

डेटाचा अंदाज आधी घ्या. प्रकल्पाच्या माहितीपत्रकानुसार पूर्ण एचडी पडद्याची रिलेवरची जोडणी सेकंदाला ३० किलोबाइटपासून ३ मेगाबाइटपर्यंत खाते, साध्या कार्यालयीन कामात साधारण १०० किलोबाइट. म्हणजे तासाला ३६० मेगाबाइटच्या आसपास. एकेका शाखेला रोज अर्धा तास दिला तरी महिन्याची मर्यादा संपत नाही. मात्र कोणी शाखेतल्या कॅमेऱ्याचं चित्रण रस्टडेस्कमधून बघत बसलं तर हे गणित मोडतं.

सर्व्हरवर उबंटू लिनक्सची दीर्घकालीन आधाराची आवृत्ती टाका, पासवर्डने लॉगिन बंद करून एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिनची पद्धत) किल्लीने चालू ठेवा, मग डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवण्याचं साधन, बसवा. याहून जास्त तयारी लागत नाही.

पोर्ट, आणि माझे दोन तास

उघडायचे दरवाजे, म्हणजे पोर्ट, थोडेच आहेत. टीसीपी आणि यूडीपी या नेटवरून माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती, आणि दरवाजा पद्धतीनुसार उघडावा लागतो. २१११५ हा टीसीपी, राउटरचा प्रकार ओळखण्यासाठी. २१११६ हा टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. २१११७ हा टीसीपी, रिलेसाठी. २१११८ आणि २१११९ फक्त ब्राउझरमधून जोडायचं असेल तर लागतात, मी ते बंदच ठेवले आहेत. २१११४ सशुल्क प्रो आवृत्तीच्या वेब पॅनेलसाठी आहे, त्याचा इथे संबंध नाही.

२१११६ वर जरा थांबा. शाखेतला संगणक "मी आहे, मी आहे" ही हाक यूडीपीवरून देतो आणि थेट गाठ घालण्याची खटपट टीसीपीवरून होते. पहिल्या दिवशी मी सगळे पोर्ट टीसीपी म्हणून उघडले आणि निवांत झालो. सर्व्हर चालू, नोंदींमध्ये चूक नाही, पण प्रत्येक संगणकावर खाली "नॉट रेडी". दोन तास मी किल्ल्या तपासत बसलो होतो. २१११६ यूडीपी उघडला आणि दहा सेकंदांत हिरवा ठिपका आला.

दुसरी गोष्ट, फायरवॉल दोन ठिकाणी असते. एक पुरवठादाराच्या पॅनेलवर आणि एक उबंटूच्या आत. एकीकडे उघडून दुसरीकडे बंद राहिलं तर तोच "नॉट रेडी" दिसतो. दोन्हीकडे तपासा.

डॉकर कंपोज

प्रकल्पाच्या माहितीपत्रकात डॉकर कंपोजची, म्हणजे कोणते प्रोग्रॅम कसे चालवायचे ते डॉकरला सांगणारी, तयार फाइल दिलेली आहे, तीच घ्या. चिकटवण्याआधी तिच्यातल्या चार गोष्टी डोळ्यांखालून घाला.

दोन सेवा हव्यात, एक एचबीबीएस आणि एक एचबीबीआर, दोन्ही एकाच इमेजमधून (डॉकरच्या तयार पॅकेजमधून). दोघांना डेटा नावाचा एकच फोल्डर जोडलेला हवा. किल्ल्या त्या फोल्डरमध्ये तयार होतात आणि दोघांनी त्याच वापरायच्या असतात. वेगळे फोल्डर दिले तर मध्यस्थाची किल्ली एक आणि रिलेची दुसरी असा घोळ होतो. थेट जोडणी चालते, रिलेवर गेली की पडते, आणि कारण सापडता सापडत नाही.

नेटवर्क होस्ट मोडमध्ये, म्हणजे थेट सर्व्हरच्याच नेटवर्कवर, ठेवा. डॉकरच्या आतल्या नेटवर्कमधून गेलं तर एचबीबीएसला समोरच्याचा खरा आयपी पत्ता दिसेलच असं नाही, आणि मध्यस्थाला पत्ताच चुकीचा कळला तर गाठ कशी पडणार? ही सोय लिनक्सवर नीट चालते, म्हणून सर्व्हर लिनक्सचाच ठेवा.

दोन्ही प्रोग्रॅमना "के" हा पर्याय (-k) आणि त्यापुढे अंडरस्कोअर (_) देऊन ठेवा. याचा अर्थ, ज्याच्याकडे आपली किल्ली नाही त्याला या सर्व्हरवरून जोडणी मिळणार नाही. हे केलं नाही तर तुमचा पत्ता कळलेला कोणीही तुमच्या पैशाने रिले वापरेल.

चौथी गोष्ट इमेजच्या आवृत्तीची. "लेटेस्ट" लिहिण्याऐवजी आवृत्तीचा नेमका आकडा लिहा. सर्व्हर आपोआप बदलला आणि सोमवारी सकाळी सहा शाखा बंद, असं होऊ द्यायचं नाही. नवी आवृत्ती शनिवारी दुपारनंतर चढवावी.

किल्ली: चव्वेचाळीस अक्षरं

सर्व्हर पहिल्यांदा सुरू झाला की डेटा फोल्डरमध्ये दोन फाइली तयार होतात: आयडी_ईडी२५५१९ ही खाजगी किल्ली आणि त्याच नावाची, शेवटी डॉट पब असलेली सार्वजनिक किल्ली. खाजगी किल्ली सर्व्हरबाहेर कोणाला द्यायची नाही. सार्वजनिक किल्ली प्रत्येक संगणकात भरायची.

सार्वजनिक किल्ली बरोबर ४४ अक्षरांची असते आणि शेवटचं अक्षर "बरोबर"चं चिन्ह (=) असतं. टर्मिनलमध्ये दोनदा क्लिक करून ओळ निवडली की बऱ्याचदा ते शेवटचं चिन्ह निवडलंच जात नाही. मग जोडताना "की मिसमॅच" येतं. दोन शाखांत हेच झालं होतं. चिकटवल्यावर शेवट बघा, चिन्ह आहे ना, आणि मागे रिकामी जागा आलेली नाही ना.

आता या डेटा फोल्डरची प्रत काढा आणि दुसरीकडे ठेवा. सर्व्हर उडाला तर नवा अर्ध्या तासात उभा राहतो. पण किल्ल्या गेल्या तर नव्या किल्लीसाठी प्रत्येक शाखेतल्या प्रत्येक संगणकावर जावं लागेल, आणि दुरून जायची वाट नेमकी तीच बंद झालेली असेल. माझी एक प्रत पेन ड्राइव्हवर, मुख्य कार्यालयाच्या तिजोरीत, सोनेतारणाच्या पाकिटांच्या शेजारी आहे.

शाखेतला संगणक

रस्टडेस्क प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच उतरवा. शोधयंत्रात वर येणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यावर जाऊ नका, दुरून ताबा देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बनावट प्रती हा चोरांचा आवडता सापळा आहे.

विंडोजवर फाइल न बसवताही चालते, पण कार्यालयात ती बसवाच. नुसती चालवली तर विंडोजने "या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का" विचारलं की तुमच्याकडे पडदा अडकतो आणि तिकडून कोणीतरी "होय" दाबावं लागतं. बसवल्यावर ती सेवा म्हणून चालते, संगणक पुन्हा सुरू झाला तरी लॉगिनच्या आधी तुम्ही पोचता. आमच्या शाखांतल्या बहुतेक संगणकांवर विंडोज होम आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने ताबा देता येत नाही, हेही रस्टडेस्क घेण्याचं एक कारण.

मग सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा, कुलूप काढा, "आयडी/रिले सर्व्हर"मध्ये जा. पहिल्या रकान्यात सर्व्हरचा पत्ता आणि शेवटच्या रकान्यात किल्ली. रिलेचा रकाना रिकामा सोडला तरी चालतो, तो मध्यस्थाच्या पत्त्यावरून काढला जातो. एपीआयचा रकाना रिकामाच ठेवायचा. एका संगणकावर हे भरलं की तिथूनच सगळी मांडणी कॉपी करून दुसऱ्यावर चिकटवता येते.

विंडोजसाठी आणखी एक सोय आहे. उतरवलेल्या फाइलच्या नावातच सर्व्हरचा पत्ता आणि किल्ली ठरलेल्या पद्धतीने लिहिली, तर ती फाइल उघडताच मांडणी भरलेली असते. नवख्या कर्मचाऱ्याला फोनवरून चव्वेचाळीस अक्षरं सांगण्यापेक्षा हे फार बरं. या सोयीचा परवान्याशीही संबंध आहे, तो पुढे येईल.

मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी अशा दोन परवानग्या हाताने द्याव्या लागतात, नाहीतर पडदा काळा दिसतो किंवा माउस हलत नाही. लिनक्सवर वेलँडऐवजी एक्स११ सत्र निवडा (पडदा दाखवण्याच्या या दोन पद्धती आहेत), निदान ज्या संगणकासमोर कोणी बसलेलं नसतं तिथे तरी.

पासवर्ड कोणाला, ताबा कधी

इथे घाई नको. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं की चोर लोकांना दुरून ताबा देणारं ॲप फोनवर बसवायला लावतात आणि यूपीआयवरून पैसे काढतात. दोष तंत्राचा नव्हता, ताबा देणाऱ्या माणसाला फसवलं जात होतं. म्हणून आमच्या शाखांमध्ये मी सगळ्यांना एकच सांगितलंय: "मी आधी फोन करेन, तुम्ही माझा आवाज ओळखाल, मगच स्वीकारा. मी फोन केला नसेल तर कोणालाही क्रमांक सांगू नका, बँकेतून बोलतोय म्हटलं तरी."

काउंटरवरच्या संगणकांना कायमचा पासवर्ड दिलेला नाही. तिथे सुरक्षेच्या सेटिंगमध्ये "क्लिकनेच स्वीकारा" निवडलं आहे. मी जोडायला गेलो की कर्मचाऱ्याच्या पडद्यावर खिडकी येते, त्यांनी स्वीकारलं तरच मी आत. सभासदासमोर खातं उघडं असताना माझा बाण अचानक पडद्यावर फिरू लागणं बरोबर नाही. कायमचा लांब पासवर्ड फक्त मागच्या खोलीतल्या बॅकअपच्या संगणकाला आहे, त्याला दुहेरी पडताळणीही लावली आहे.

परवाना

इंग्रजीत "फ्री" म्हटलं की गोंधळ होतो. आपल्याकडे मुक्त आणि फुकट असे दोन शब्द आहेत आणि रस्टडेस्कच्या बाबतीत ते वेगळे ठेवले की निम्मा वाद मिटतो. क्लायंट (आपल्या संगणकावर बसवायचा प्रोग्रॅम) आणि साधा सर्व्हर, दोन्ही एजीपीएलच्या, म्हणजे अफेरो जनरल पब्लिक लायसन्सच्या, तिसऱ्या आवृत्तीखाली मुक्त आहेत. सर्व्हरची प्रो आवृत्ती, ज्यात वेब पॅनेल, सामाईक पत्त्यांची वही, वापरकर्त्यांचे गट वगैरे येतं, ती बंद आणि सशुल्क आहे.

एजीपीएल कशासाठी आला? त्याआधीचा जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) सांगतो की तुम्ही मुक्त सॉफ्टवेअर बदलून दुसऱ्याला दिलंत तर बदललेला मूळ कोडही द्या. पण इंटरनेटच्या जमान्यात कंपन्या सॉफ्टवेअर कोणाला देतच नाहीत. आपल्या सर्व्हरवर चालवतात आणि लोक ब्राउझरमधून वापरतात. "दिलं" नाही म्हणून कोडही द्यायचा नाही. ही फट बुजवण्यासाठी २००२ मध्ये अफेरो या कंपनीचा पहिला परवाना आला, आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने एजीपीएलची तिसरी आवृत्ती काढली. त्याचं १३ वं कलम म्हणतं की तुम्ही प्रोग्रॅम बदलला असेल, तर नेटवर्कवरून तो वापरणाऱ्या सगळ्यांना बदललेला मूळ कोड मिळवण्याची सोय द्या.

"बदलला असेल तर" हे शब्द लोक वाचतच नाहीत. आम्ही काही बदललेलं नाही. पत्ता आणि किल्ली भरणं, फाइलचं नाव बदलणं, ही मांडणी झाली, कोडला हात लागला नाही. सगळ्या शाखा एकाच संस्थेच्या आहेत, म्हणून मुख्य कार्यालयातून शाखेत प्रत नेणं हे दुसऱ्याला वाटप नव्हे. आमच्यावर एजीपीएलचं कुठलंही बंधन येत नाही. आणि पडद्यावर दिसणारी खाती, फाइली, छापलेले अहवाल यांवर परवान्याचा हक्क चढतो ही भीती तर पूर्ण निराधार आहे.

पुण्यात आयटी कंपनीत असलेला माझा एक मित्र हे ऐकून म्हणाला, "अरे, आमच्याकडे एजीपीएल म्हटलं की थेट नाही. हात लावायचा नाही." त्याच्या कंपनीचं धोरण मला समजतं. गूगलचं जाहीर धोरणही असंच आहे. हजारो अभियंते असलेल्या ठिकाणी कोणीतरी एजीपीएलचा तुकडा आपल्या उत्पादनात मिसळला, तर त्या उत्पादनाचा कोड खुला करण्याचा प्रश्न उभा राहतो. पण हे भय कोड मिसळण्याचं आहे. वेगळा चालणारा, न बदललेला प्रोग्रॅम नुसता वापरणं ही निराळी गोष्ट. ती बंदी जशीच्या तशी उचलून शाळा, पतसंस्था, करसल्लागाराचं कार्यालय यांनी लावून घेण्यात काही अर्थ नाही, आणि त्याला मी हे तसंच सांगितलं.

जिथे खरी काळजी घ्यायला हवी ती जागा वेगळी आहे. समजा तुम्ही संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करता आणि ग्राहकाकडे पेन ड्राइव्हवरून रस्टडेस्क टाकून देता. आता तुम्ही प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, बदललेला नसला तरी. सहावं कलम लागू झालं: मूळ कोड सोबत द्या, किंवा तो देण्याची लेखी हमी द्या. सोपी वाट अशी की ग्राहकाला प्रकल्पाच्या पानावरूनच उतरवायला सांगा. देणारा प्रकल्प झाला, तुम्ही फक्त पत्ता सांगितलात.

आणि जे लोक चिन्ह आणि नाव बदलून "आमचं स्वतःचं रिमोट सॉफ्टवेअर" म्हणून हेच विकतात, त्यांनी नीट ऐकावं. विकायला मनाई नाही, एजीपीएल पैसे घेऊ देतो. पण ज्याला दिलं त्याला तुमच्या बदलांसकट मूळ कोड मिळाला पाहिजे, मूळ लेखकांच्या हक्काची नोंद तशीच राहिली पाहिजे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखं संरक्षण आहे. परवान्याची अट मोडली की उरतं ते सरळ कॉपीराइटचं उल्लंघन. दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेला कोड घेऊन त्यावरचं नाव खरवडून काढणं मला कायद्याच्याही आधी माणुसकीला सोडून वाटतं.

१३ व्या कलमावर आमचा वाद सगळ्यात लांबला. मित्राचा मुद्दा असा: उद्या तू एचबीबीएस बदललास, तरी शाखेतली कर्मचारी त्या सर्व्हरची "वापरकर्ती" कुठे आहे? ती रस्टडेस्कचा क्लायंट वापरते, सर्व्हर तिला माहीतही नाही. मी म्हटलं, तिचा क्लायंट तिच्या वतीने नेटवर्कवरून त्याच सर्व्हरशी बोलतो, तिचा क्रमांक तिथेच नोंदवला जातो, मग ती वापरकर्ती कशी नाही? कलमाच्या शब्दांतून दोन्ही अर्थ ओढता येतात. माझा व्यवहारी निर्णय असा की सर्व्हर बदललाच तर बदललेला कोड खुल्या जागी ठेवायचा आणि त्याचा दुवा सगळ्यांना दिसेल असा द्यायचा. त्यात आमचं काही जात नाही. ज्यांचं जातं, त्यांनी वकील गाठावा.

उरला प्रोचा प्रश्न. "सर्व्हरचा चांगला भाग बंद ठेवून हे मुक्त कसं म्हणवतात?" हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला. कायद्याने यात अडचण नाही: परवाना घेणाऱ्यावर अटी घालतो, ज्याचा कोड आहे तो स्वतः त्या अटींनी बांधलेला नसतो, तो तोच कोड वेगळ्या अटींवर विकू शकतो. योग्य आहे का, हा खरा प्रश्न. माझं मत असं की मुक्त सर्व्हर एकटा पूर्ण काम करत असेल, तर वरच्या सोयींसाठी पैसे मागण्यात गैर नाही. कोणीतरी पगार घेऊन हे लिहिलं पाहिजे. उद्या मुक्त सर्व्हर मुद्दाम लंगडा केला गेला तर मात्र माझं मत बदलेल.

आणि त्यांनी पुढे परवानाच बदलला तर? असं घडलेलं आहे. मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये एजीपीएल सोडला. इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरने २०२१ मध्ये मुक्त परवाना सोडला आणि २०२४ मध्ये एजीपीएलचा पर्याय परत आणला. रेडिस हा डेटाबेसही २०२४ मध्ये गेला आणि २०२५ मध्ये एजीपीएल घेऊन परतला. पण आधी दिलेली आवृत्ती कोणी परत घेऊ शकत नाही. दुसरं कलम सांगतं की अटी पाळल्या जात आहेत तोवर दिलेले हक्क मागे घेता येणार नाहीत. दुरून पडदा बघण्याच्या याच क्षेत्रातलं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. व्हीएनसी केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेत जन्मलं आणि जीपीएलखाली खुलं झालं. २००२ मध्ये ती प्रयोगशाळा बंद पडली. तिथल्या काही लोकांनी रिअलव्हीएनसी ही कंपनी काढली, आणि त्याच खुल्या कोडवरून टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी आणि पुढे टायगरव्हीएनसी वाढले. प्रयोगशाळा गेली तरी कोड लोकांच्या हातात राहिला.

ज्यांना एजीपीएल कोणत्याही कारणाने नकोच असेल त्यांनी अपाचे ग्वाकामोली किंवा मेशसेंट्रल बघावं, दोन्ही अपाचे परवान्याखाली आहेत. ग्वाकामोली ब्राउझरमधून चालतं, पण पलीकडे आरडीपी (मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप) किंवा व्हीएनसी आधीच चालू असावं लागतं. विंडोज होमच्या शाखांना ते मला सोयीचं वाटलं नाही.

लेखापरीक्षक आणि एक फाइल

या वर्षी लेखापरीक्षणात सॉफ्टवेअरची यादी मागितली. लेखापरीक्षक साहेबांनी रस्टडेस्कच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "याचं बिल कुठंय? परवाना दाखवा." फुकट आहे म्हटलं असतं तर त्यांनी शेरा मारला असता, आणि तो योग्यच ठरला असता. कारण बिल नसलेलं सॉफ्टवेअर म्हणजे बहुधा चोरीचं, हा त्यांचा अनुभव.

मी एक फाइल तयार ठेवली होती. त्यात एजीपीएलचा संपूर्ण मजकूर छापलेला, आम्ही वापरतो त्या क्लायंट आणि सर्व्हरच्या आवृत्त्यांचे आकडे, कुठून उतरवलं त्याचा पत्ता आणि तारीख, सर्व्हरच्या भाड्याची मासिक बिलं आणि "कोडमध्ये बदल केलेला नाही" असं माझ्या सहीचं पत्र. नवव्या कलमावर खूण लावलेली होती: प्रत मिळवायला किंवा चालवायला परवाना स्वीकारण्याची गरज नाही. पंधराव्या आणि सोळाव्यावरही खूण होती, कारण तिथे स्पष्ट लिहिलंय की कसलीही हमी नाही आणि नुकसानीची जबाबदारी नाही. हे संचालक मंडळाला आधीच माहीत असायला हवं, म्हणून तसा ठराव करून घेतला होता आणि त्याची प्रतही फाइलमध्ये होती.

साहेबांनी नववं कलम दोनदा वाचलं. मग सर्व्हरच्या भाड्याची बिलं चाळली, ठरावाचा क्रमांक आपल्या वहीत उतरवून घेतला आणि यादीतल्या पुढच्या ओळीवर गेले.